गुणपत्रिकेतून गेलेला ‘नापास’

महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’चा शेरा गेला त्याला काही वर्षं झाली. तरीही निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता मोबाइलवर आकडे उघडले की घरात पहिला शब्द तोच निघतो. मी रात्रशाळेत गणित शिकवतो. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांनी हा शब्द कधी ना कधी ऐकलेला असतो, त्यामुळे तो आला कुठून आणि गेला कसा याचा मी बरीच वर्षं मागोवा घेतो आहे.

शब्द मिश्र जातीचा आहे. ‘पास’ इंग्रजी, त्याच्या मागचा ‘ना’ फारसी. नालायक, नादान, नाउमेद यांच्या रांगेत तो जाऊन बसला आणि तिथलाच वास त्याला लागला. सरकारी कागदावर ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं जायचं, पण त्यानं कुणाला रडू आल्याचं मी पाहिलेलं नाही.

मुंबईच्या नव्या विद्यापीठानं 1859 मध्ये पहिली मॅट्रिक घेतली. 132 जण बसले, 22 उत्तीर्ण झाले. म्हणजे पहिल्याच वर्षी 110 जण राहिले. पुढे कितीतरी काळ राहणं हीच सर्वसाधारण गोष्ट होती. ‘नॉन-मॅट्रिक’ ही सांगण्याजोगी पात्रता होती, आणि व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होऊन गावात मान मिळवत असे. आज उलट आहे. 2025 मध्ये दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला. शंभरातली सहाएक मुलं राहतात आणि प्रत्येकाला वाटतं, आख्ख्या चाळीत आपण एकटेच. निकाल जसजसा वाढत गेला तसं अपयश एकाकी होत गेलं, ही गोष्ट निकालाच्या टक्केवारीवर आनंद मानताना कुणी लक्षात घेत नाही.

1975 मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्यानंतरच्या काही पिढ्यांना ‘ऑक्टोबर’ म्हणजे काय हे सांगायला नको. मार्चला विषय राहिला की जून-जुलैत मित्र अकरावीच्या रांगेत, आणि आपण घरी. ऑक्टोबरला बसून सुटलो तरी प्रवेश पुढच्या वर्षीच. त्या रिकाम्या महिन्यांत मुलगा एखाद्या दुकानात लागायचा, मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात व्हायची. आपल्याला जमतच नाही ही शंका पक्की व्हायला तेवढा वेळ भरपूर होता. 2015 पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली आणि त्याच वर्षी अकरावीत जाणं शक्य झालं. त्याआधीच एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत बसायची सोय झालेली होती. माझ्या मते या सगळ्या काळातला सर्वात मोलाचा बदल जुलैचाच. पण चर्चा झाली ती दुसऱ्याच निर्णयाची.

तो निर्णय 2016 चा. ‘अनुत्तीर्ण’ऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा देण्याचं ठरलं. 2019 मध्ये बारावीसाठीही तसंच झालं, तिथे ‘पुनर्परीक्षेस पात्र’ हे शब्दही आले. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. निकालानंतरच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचून कुणाचंही मन हलेल. विरोध करणारे म्हणाले, मुलांपासून खरं लपवता. समर्थक म्हणाले, सोळाव्या वर्षी कपाळावर शिक्का कशाला? मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. ‘कौशल्य विकासास पात्र’ हा शेरासुद्धा पोराबद्दलच बोलतो. विषयाबद्दल बोलत नाही. शिवाय आवडीनं आयटीआयला गेलेल्या वेल्डरला, फिटरला त्यातून काय ऐकू गेलं? कौशल्य म्हणजे गणित न जमणाऱ्यांची जागा!

मुलांनी स्वतःसाठी केव्हाच चांगला शब्द काढलेला आहे. ती म्हणतात, ‘माझं गणित राहिलंय.’ राहिलंय ते गणित, मी नव्हे. आणि पास झालं की ‘विषय सुटला’, गाठ सुटावी तसा. परीक्षा मंडळाला हेच शब्द घेता आले असते.

आत्मसन्मान आधी वाढवा, यश मागून येईल, हा विचार बाहेर बराच फिरून आलेला आहे. कॅलिफोर्निया राज्यानं 1986 मध्ये त्यासाठी खास समिती नेमली, 1990 मध्ये तिचा अहवाल आला. 2003 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा आत्मसन्मान फुगवल्यानं गुण वाढतात असं काही हाती लागलं नाही. चांगलं काम झाल्यावर स्वतःबद्दल बरं वाटतं, हा उलटा धागा जास्त पटण्यासारखा निघाला.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, दिवसा घरकाम करणारी. बीजगणितात 11, भूमितीत 3. ‘सर, माझं डोकंच नाही’, हे तिनं तीनदा सांगितलं. आम्ही पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. बीजगणितात रीत बरोबर होती, वजाबाकीत चिन्हं चुकली होती, तीसुद्धा सगळीकडे एकाच पद्धतीनं: कंसाबाहेरचं वजा आत नेताना फक्त पहिल्या पदाला लावलेलं. भूमितीची मधली चार पानं कोरी. तिनं लाल पेनानं प्रत्येक चूक गोल केली आणि मग शांतपणे म्हणाली, ‘म्हणजे एवढंच आहे.’ तिच्या डोक्याबद्दल पुन्हा बोलणं निघालं नाही. जुलैत बीजगणितानं तिला तारलं, भूमिती अजूनही तिला आवडत नाही.

आता हा प्रश्न लहान मुलांपर्यंत आला आहे. शिक्षण हक्क कायद्यामुळे 1 एप्रिल 2010 पासून आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवता येत नव्हतं. 2019 च्या दुरुस्तीनं राज्यांना मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्रानं 2023 मध्ये पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. राहिलेल्याला दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. मधल्या काळात शाळेनं जादा मार्गदर्शन द्यायचं आहे. हे दोन महिने नेमके उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात, म्हणजे गावी जायच्या, लग्नांच्या, ऊसतोडीहून परतायच्या दिवसांत. दहा वर्षांच्या पोराला त्याचा पेपर समोर ठेवून ‘इथे अडलंय बघ’ असं सांगणारं कुणीतरी त्या दिवसांत शाळेत हजर असायला हवं.