पेट्रोल भरताना वास येतो, पण नेमका कधी?

पेट्रोल भरताना वास आला की पहिला संशय टाकीच्या झाकणावर जातो. नवं झाकण येतं, वास तसाच राहतो. पण पेट्रोल भरताना झाकण टाकीवर असतंच कुठे? ते बाजूला लटकत असतं. झाकणाची ओ-रिंग (वाफ अडवणारं रबरी कडं) तडकली असेल तर वास येईल तो गाडी उन्हात उभी असताना. म्हणून सुटे भाग आणण्याआधी वास कधी येतो ते पाहावं: भरताना, भरून झाल्यावर काही तास, की कायमच.

रिकामी टाकी रिकामी नसते, ती पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. ४० लिटर पेट्रोल आत गेलं की ४० लिटर वाफमिश्रित हवा बाहेर ढकलली जाणार. तिच्यात सुमारे ५० ग्रॅम पेट्रोल असतं आणि आपल्या नाकाला दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी पुरतं! ही वाफ काही ठिकाणी पंपाचं नोझलच परत ओढून घेतं, तर काही गाड्या ती स्वतः गिळतात. अमेरिकेत १९९८च्या मॉडेलपासून गाड्यांना टप्प्याटप्प्याने ही सक्ती झाली. दोन्ही सोयी नसतील तर वाफ टाकीच्या तोंडातूनच बाहेर येते. तिथे भरण्यापुरता वास हा बिघाड नव्हे, त्यासाठी गॅरेजला पैसे देऊ नयेत.

वाफ गिळणाऱ्या गाडीत भरण्याचा पाइप मुद्दाम अरुंद ठेवतात. पेट्रोलची धार तो पूर्ण व्यापते आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी जसं गटाराचा वास अडवतं, तशी वाफ अडवते. मग वाफेला एकच वाट उरते, जाड व्हेंट पाइपातून कॅनिस्टरकडे. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाच्या दाण्यांनी भरलेला प्लास्टिकचा डबा.

खरी गंमत या कोळशात आहे. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती उलगडल्या तर हजार चौरस मीटरहून जास्त भरतील. पेट्रोलचे रेणू या भिंतींना चिकटतात, कोळशात विरघळत नाहीत आणि त्याच्याशी रासायनिक संयोगही करत नाहीत. हे पृष्ठशोषण. चिकटताना उष्णता बाहेर पडते, म्हणून पेट्रोल भरताना कॅनिस्टर कोमट होतो. पण नुसतं धरून ठेवणं पुरेसं नाही, सोडताही आलं पाहिजे. छिद्र फार अरुंद असेल तर रेणूला चारी बाजूंनी भिंती ओढतात आणि तो सुटत नाही. फार रुंद असेल तर धरलाच जात नाही. म्हणून या कोळशात साधारण २ ते ५ नॅनोमीटरची छिद्रं भरपूर ठेवलेली असतात. पुढे इंजिन चालू असताना कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधला पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनच्या ओढीने बाहेरची हवा कोळशातून उलटी वाहते आणि सुटलेली वाफ इंजिनात जळते. कोळसा पुन्हा मोकळा.

या यंत्रणेचा मोठा शत्रू म्हणजे ‘अजून थोडं बसेल’ हा आग्रह. नोझलच्या टोकाजवळ बारीक भोक असतं, त्यातून हवा ओढली जात असते. पेट्रोल तिथवर चढून भोक बुजलं की आतला पडदा ओढला जातो आणि खट्‌कन धार बंद होते. त्यानंतर रेटून भरलेलं पेट्रोल व्हेंट पाइपात शिरू शकतं आणि द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये पोचतं. छिद्रं तुडुंब भरली की वाफेला जागा कुठली? असा ओला, जड झालेला कॅनिस्टर बदलावाच लागतो. तो उन्हात किंवा ब्लोअरने वाळवायचा उद्योग करू नये.

उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो, ही अफवा मात्र थोतांड आहे. पेट्रोल २० अंशांनी तापलं तर ४० लिटरचं जेमतेम पाऊण लिटर वाढतं, आणि तेवढी जागा टाकीत मुद्दाम सोडलेली असते. खट् झाल्यावर रेटून भरणारे हीच जागा खातात.

टाकी अर्धीही भरली नसताना नोझल वारंवार खट् करत असेल आणि तोंडातून वास येत असेल, तर वाफेची वाट तुंबली आहे. कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडाशी धूळ, चिखल किंवा कोळ्याचं जाळं सापडतं. तिथला व्हेंट व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असायला हवा. पर्ज व्हॉल्व्ह याच्या उलट: विजेचा प्लग काढल्यावर त्यातून फुंकर जाता कामा नये. गेली तर तो उघडा अडकलाय, आणि पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू न होण्याचं कारणही बहुधा तेच. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०४४१ किंवा पी ०४४६ हे कोड या दोघांकडे बोट दाखवतात, पी ०४५५ मोठ्या गळतीकडे.

भरताना वास आणि चाकाजवळ ओल असेल तर भरण्याचा पाइप तपासावा. मागचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं की क्लॅम्पखाली, चिखल साचतो तिथे, गंजलेली भोकं दिसतात. या पाइपातून पेट्रोल फक्त भरतानाच वाहतं, म्हणून एरवी तो कोरडा असतो. पेट्रोल उडून जातं, पण धुळीत ओघळाची रेघ राहते. पाइप बदलावा. गाडीवरच वेल्डिंग करणं म्हणजे आत्मघात. रबरी नळी पेट्रोलसाठीचीच हवी, पाण्याची नळी फुगून सैल पडते.

टाकी फुल असताना वास आणि अर्धी झाली की बंद, असं असेल तर टाकीच्या माथ्यावर, टाकीतल्या इंधन पंपाच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग गळते. काम टाकी निम्म्याखाली आल्यावर, उघड्या हवेत आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून करावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती गॅरेजमधल्या खड्ड्यात साचते, तिथे हे काम नको. जुनी रिंग पेट्रोलने फुगलेली असते, एकदा काढली की खाचेत पुन्हा नीट बसत नाही. म्हणून पंप उघडण्याआधी नवी रिंग हाताशी असू द्यावी.