हृदयरुग्णाने नेमकं किती दमावं?

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या पुणेकराला पहिल्या महिनाभरात दोन प्रकारचे सल्लागार हमखास भेटतात. एक म्हणतो, 'आता जपा हं, जिने नको, पिशव्या नको.' दुसरा म्हणतो, 'आमच्या मेव्हण्यांची बायपास झाली, आता दर रविवारी सिंहगड चढतात.' दोघांचीही माया खरी असते. फक्त तुमच्या स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट दोघांनीही पाहिलेला नसतो.

पहिल्या सल्ल्यामागे डॉक्टरांचीच जुनी शिकवण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकच्या रुग्णाला कित्येक आठवडे कुशीवरही वळू न देता झोपवून ठेवत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना नुसतं आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं लिहिलं. तेवढंही त्या काळी धाडसाचंच होतं. गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, अंजायनाचं (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत येणाऱ्या कळेचं) वर्णन करणाऱ्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी एका रुग्णाची नोंद करून ठेवली होती. तो रोज अर्धा तास करवतीने लाकडं कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. मधली पावणेदोनशे वर्षं ती नोंद कुणी फारशी मनावर घेतली नाही.

आज व्यायाम करावा की नाही हा वाद मिटलेला आहे. कोरोनरी आजाराच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आजाराच्या, तेवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ८५ चाचण्यांचा एकत्र आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारे अटॅक आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी होतात, असं त्यात दिसलं. उरलेला प्रश्न एवढाच, की व्यायाम करायचा तो किती जोरात?

या प्रश्नाला नॉर्वेतल्या एका छोट्या अभ्यासाने २००७ मध्ये चांगलीच हवा दिली. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडलेले, २७ वयस्क रुग्ण होते. काहींनी ट्रेडमिलच्या चढावर चार मिनिटं जवळजवळ पूर्ण ताकदीने चालायचं आणि मग तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. काहींनी एकसारखं, मध्यम गतीने. तिसरा गट नुसता तुलनेसाठी. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या गटात ४६ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात १४ टक्क्यांनी. आकडे डोळे दिपवणारे होते, पण २७ माणसं तीन गटांत वाटली की प्रत्येक गटात उरतात नऊ.

मग याच प्रश्नावर युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून मोठी चाचणी केली. २६१ रुग्ण, बारा आठवडे. निकाल २०१७ मध्ये आला: जोराचा व्यायाम मध्यम व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. मला मात्र त्या निकालापेक्षा त्यातली एक बारीक नोंद जास्त बोलकी वाटते. ज्यांना जोरात करायला सांगितलं होतं, त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त लोक ठरलेल्या तीव्रतेच्या खालीच राहिले. आणि ज्यांना मध्यम सांगितलं होतं, त्यांतले ऐंशी टक्के ठरल्यापेक्षा जास्त जोर लावत होते! समोर फिजिओथेरपिस्ट उभे, हार्ट रेट मोजला जातोय, आणि तरीही माणसं आपल्याला झेपेल त्याच चालीवर येऊन थांबली. बेल्जियममध्ये कोरोनरी आजाराच्या २०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही हेच चित्र होतं. दोन्ही गटांची क्षमता वीस टक्क्यांहून जास्त वाढली, जगण्याचा दर्जाही दोन्हींत सुधारला, आणि गटागटांत फरक म्हणाल तर नाही.

हा जगण्याचा दर्जा मोजतात तरी कसा? हार्ट फेल्युअरसाठी २३ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. त्यात एकोकार्डिओग्राफीचं (हृदयाच्या सोनोग्राफीचं) काही नसतं. कपडे घालताना, अंघोळ करताना त्रास होतो का? न थांबता एक जिना चढता येतो का? बस पकडायची असल्यासारखं घाईने चालता येतं का? (डेक्कनला पीएमपीची बस स्टॉपच्या तीस पावलं पुढे जाऊन थांबते, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्षच मिळतं.) शेवटाकडे एक प्रश्न येतो: आजार आत्ता आहे तसाच आयुष्यभर राहिला, तर तुम्हाला कसं वाटेल? शंभरपैकी गुण मिळतात. साधारण पाच गुणांचा फरक पडला, तर तो रुग्णाला स्वतःला जाणवतो असं मानतात.

या मोजपट्टीवर व्यायामाचा फायदा किती, हे २००९ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. हार्ट फेल्युअरचे २,३३१ रुग्ण होते. तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांचे गुण सरासरी पाचाने वाढले, नुसते उपचार घेणाऱ्यांचे तीनाच्या थोडे वर. म्हणजे निव्वळ फायदा दोन गुणांचा. थोडाच आहे, हे मान्य करायला हवं. पण तो तीन महिन्यांतच मिळाला आणि पुढे टिकला.

आपल्याकडची चाचणी तर आणखी सौम्य व्यायामाची. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ भारतीय रुग्णांपैकी निम्म्यांना योगावर आधारलेलं पुनर्वसन दिलं. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येण्यात ठोस फरक सिद्ध झाला नाही. पण आपली तब्येत कशी आहे या प्रश्नावर योग करणाऱ्यांनी स्वतःला किंचित जास्त गुण दिले, आणि पूर्वीच्या कामांकडे ते जास्त प्रमाणात परतले. ट्रेडमिलवर कुणी जीव काढला नव्हता.

असं का होत असावं? व्यायामाचा बराचसा फायदा हृदयात नाही, पायांत होतो. स्नायूंमधली मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतं आणि वाहिन्या नीट रुंदावतात. मग तोच जिना कमी नाडीत, कमी ब्लडप्रेशरमध्ये चढून होतो. भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर येताना धाप लागली नाही, हे ज्या माणसाला कळतं त्याला तीव्रतेच्या तक्त्याशी देणंघेणं नसतं.

आणि तीव्रता ही टेकडीची नसते, चढणाऱ्याची असते. स्वस्थ बसल्यावर शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनला एक मेट म्हणतात. सपाटीवर झपाझप चालायला चारेक मेट लागतात, टेकडी चढायला सहाच्या वर. ज्याची कमाल क्षमता दहा मेट, त्याला फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी मध्यम पडते. ज्याची सात, तो त्याच वाटेवर जवळजवळ शर्यत धावत असतो, आणि शेजारचे दोघे म्हणतात, 'चला हो, हळूच तर चाललोय!' म्हणून मेव्हण्यांचा सिंहगड मेव्हण्यांपुरताच.

आपला जोर ओळखायला मनगटावरचं घड्याळ दर वेळी कामी येत नाही. बहुतेक हृदयरुग्ण मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर घेतात. ती नाडी दाबून धरतात, त्यामुळे २२० वजा वय हे जिममधलं गणित त्यांच्याबाबतीत साफ चुकतं. त्यापेक्षा स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांची सहा ते वीसची पट्टी बरी. किती श्रम वाटतायत याचा आकडा आपणच सांगायचा, बारा ते चौदाच्या आसपास म्हणजे मध्यम. पट्टी नको असेल तर जीभ आहेच. सकाळच्या ग्रुपमध्ये मिळकतकरावर तावातावाने बोलणारे काका चढावर 'हो... ना...' इतक्यावर आले, की मध्यम संपलं. अख्खं वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ती चाल बरोबर.

जोराचा व्यायाम म्हणजे धोकाच, असंही नाही. नॉर्वेतल्या पुनर्वसन केंद्रांत ४,८४६ रुग्णांच्या पावणेदोन लाखांहून जास्त तासांच्या व्यायामात हृदय बंद पडण्याच्या तीनच घटना घडल्या: मध्यम व्यायामात एक, जोराच्या व्यायामात दोन. अर्थात जोराचे तास बरेच कमी होते, आणि हे सगळं तपासून घेतलेल्या रुग्णांचं, देखरेखीखालचं आहे. ज्याला आवड आहे, ज्याचा आजार स्थिर आहे, त्याने डॉक्टरांना विचारून पुनर्वसन केंद्रात ते जरूर करावं. पहाटे साडेपाचला एकट्याने वेताळ टेकडीवर करून बघू नये.

टेकडीवर नेहमी दिसणारी एक सवय मात्र मोडायलाच हवी. वर पोचलं की लोक धापा टाकत थेट कट्ट्यावर बसतात. श्रम एकदम थांबले की पायांतलं रक्त पायांतच साचतं, ब्लडप्रेशर घसरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच-दहा मिनिटं सावकाश फिरत राहावं आणि मग बसावं. चढायला सुरुवात करतानाही तेवढीच मिनिटं सपाटीवर काढावीत. छातीत दाब वाटला, दम नेहमीपेक्षा वेगळा लागला किंवा थंड घाम फुटला, तर 'वर जाऊन बघू' न म्हणता तिथेच थांबावं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती घरातल्या कपाटात नव्हे, शर्टाच्या खिशात असावी. त्रास पाचेक मिनिटांत ओसरला नाही तर १०८ ला फोन करावा आणि टेकडीवरच्या ओळखीच्या चार माणसांना हाक मारायला लाजू नये.