फेअरिंगची मोटरसायकल आणि नवशिका चालक

‘फेअरिंगची मोटरसायकल मुळातच जास्त वेगवान, म्हणून नवशिक्याने नेकेडच घ्यावी’ हा समज बराच काळ फिरतो आहे. फेअरिंग हे वारा कापणारे आवरण आहे; ते नसलेली गाडी म्हणजे नेकेड. त्याने इंजिनाची ताकद वाढत नाही, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध साधारण चौपट होत असल्यामुळे त्याचा उपयोग मुख्यतः मोठ्या वेगातच जाणवतो. अनेकदा एकच इंजिन दोन्ही रूपांत मिळते. अशा जोडीची माहितीपत्रके शेजारी ठेवून शक्ती, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि वजन कोणालाही पडताळता येते. खरे पाहायचे ते हँडल: ते खाली बसवलेले असेल तर मनगटांवर भार येतो, म्हणून दोन्हींवर बसून ते दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावे. गाडी आडवी पडल्यास फेअरिंगच्या दुरुस्तीचा खर्च वाढू शकतो, ही काळजी मात्र रास्त आहे.