ऊस गेल्यावरचा शूट, क्लाउट आणि 'पारंपरिक'ची भानगड

दरवर्षी लाँगबोवाल्यांचा, म्हंजे इंग्लिश पद्धतीचं लांब लाकडी धनुष्य वापरणाऱ्यांचा, शेवटचा शूट आला की नवीन पोरं हमखास विचारतात, टार्गेट कुठाय? कारण समोर नुसता एक झेंडा रोवलेला असतो. हाच क्लाउट, लांबवरच्या झेंड्याजवळ बाण पाडायचा खेळ. धनुष्य कसं धरायचं वगैरे सगळ्यांना माहितीय, ते सोडून देतो. बाकी कोल्हापुरात शूट म्हणलं की लोक आधी रायफलच समजतात, 2024 ला पॅरिसला ब्राँझ आणणारा गडी आपल्याच जिल्ह्यातला, आणि धनुष्यबाण म्हणावं तर लगेच निवडणूक आठवते.

खेळ मूळचा इंग्लंडमधला. 1346 ची क्रेसीची लढाई, 1415 ची अ‍ॅजिनकोर्टची, हे सगळ्यांनी कुठं ना कुठं ऐकलंय. आठव्या हेन्रीच्या काळात तर कायदाच होता की 24 वर्षांवरच्या माणसानं 220 यार्डाच्या आतल्या निशाणावर बाण मारायचाच नाही. नंतर बंदुका आल्या, कायदा कागदावर राहिला आणि लांबवर बाण टाकायची हौस तेवढी उरली.

क्लाउट म्हंजे जुन्या इंग्रजीत फडकं, म्हणून आपल्यात कुणी कुणी त्याला फडक्याचा शूट म्हणतंय. पुरुषांना 180 यार्ड, बायकांना 140. बाण आभाळाकडं सोडायचा आणि तो झेंड्याजवळ पडला पाहिजे. झेंड्यापासून दीड फुटाच्या आत पडला तर 5, मग 3, 6, 9, 12 फुटांच्या आत एकेक पॉइंट कमी, 12 फुटांबाहेर शून्य. झेंड्याला खुणा केलेली दोरी बांधून गोल फिरवतात आणि एकेका खुणेच्या आत पडलेले बाण वेगवेगळे गोळा करतात, बस्स. मीटरवाल्या नियमात हेच 165 आणि 125 आहे, गोलही मोठा, पण आपण यार्डातच खेळतोय.

तिकडं लोक उन्हाळाभर बाहेर मारतात आणि थंडीत हॉलमध्ये जातात, आपलं उलटंय. पावसात पिसं भिजली की बाण वाट्टेल तिकडं जातो आणि लाकडाला दमट हवा सोसत नाही, म्हणून दिवाळीनंतर चालू, जूनच्या आधी बंद. आणि 180 यार्डावर झेंडा, त्याच्या मागं सेफ्टीला मोकळी जागा, एवढं ग्राउंड शहरात देतंय कोण? म्हणून ऊस तुटून गेलेलं रान. फक्त पाचट आधी उचलून घ्यायचं, नाहीतर बाण आत शिरला की संध्याकाळपर्यंत शोधत बसा.

आता खरी भानगड शूटच्या बॅनरवरच्या 'पारंपरिक' या शब्दाची. आपल्याकडं बरीच पोरं बांबूच्या धनुष्यावर तयार झालेली, राष्ट्रीय स्पर्धेत इंडियन राउंड म्हणून 50 आणि 30 मीटरचा वेगळा प्रकारच आहे त्याचा. ती पोरं क्लाउटला आली तेव्हा ब्रिटिश नियम पुढं आला: लाँगबोच्या लिंबची (मुठीच्या वरखालचा वाकणारा भाग) जाडी रुंदीच्या पाच-अष्टमांशापेक्षा कमी नको. बांबूची पट्टी चपटी असते, ती त्यात बसणार कशी? झालं, एका सकाळी मोजपट्टी घेऊन मोजामोजी आणि अर्धी पोरं बाजूला. बैठकीत ठरलं की बांबूवाल्यांचं स्कोअरकार्ड वेगळं, बक्षीसही वेगळं.

लाँगबोवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, चपटं लिंब त्याच ताकदीत बाण जरा जोरात फेकतंय, मग बरोबरी कशी? पण मला विचाराल तर बॅनरवर 'पारंपरिक' लिहायचं, तेही कोल्हापूरच्या रानात, आणि जे धनुष्य इथलंय त्यालाच पाहुण्याच्या रांगेत बसवायचं, हे काय जमत नाही बुवा. सरळ 'लाँगबो' लिहा की, कुणाचं काही म्हणणं नाही. यंदा झेंडा एकच ठेवलाय पण स्कोअरच्या याद्या अजून दोन आहेत. गंमत म्हंजे लाकडी लाँगबोच्या पाठीला, म्हंजे निशाणाकडच्या बाजूला, बांबूची पट्टी चिकटवलेली त्याच ब्रिटिश नियमात चालते, आणि आपल्यातल्या दोघांची धनुष्यं नेमकी तशीच आहेत.