मुसफ्फाचा दुबईवाला

आमचा एक मामेभाऊ गेली एकोणीस वर्षं मुसफ्फाला वेल्डिंग करतो. मुसफ्फा म्हणजे अबू धाबीची एमआयडीसी समजा: गॅरेजं, वर्कशॉपं, गोदामं, कामगारांच्या इमारती. पण खेडला त्याच्याबद्दल कुणालाही विचारा, 'तो होय, तो दुबईला असतो' हेच ऐकू येईल. सुरुवातीला तो लोकांना दुरुस्त करायचा, मग कंटाळला. त्याच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा नावापुढे कंसात 'दुबई' छापून आलं आणि ते खोडायला कुणी गेलं नाही.

कोकणात दुबई हे गावाचं नाव कमी आणि दिशेचं नाव जास्त आहे. मस्कत, दोहा, शारजा, सगळं त्याच दिशेला. (१९९८ साली सचिनने ऑस्ट्रेलियाला धुतलं ते मैदान शारजाचं. पण ते दुबईचंच, असं शपथेवर सांगणारे मला भेटलेत.) गप्पांमध्ये हा घोटाळा चालून जातो. पण टीव्हीवरही 'तेलाच्या पैशावर उभी राहिलेली दुबई' असं बिनदिक्कत म्हणतात, तेव्हा थांबायला हवं. तेल आहे ते मुख्यतः अबू धाबीचं. हे एकदा ध्यानात आलं की ही दोन शहरं इतकी वेगळी का वागतात, याचा उलगडा होत जातो.

आधी नकाशा. संयुक्त अरब अमिराती हा सात अमिरातींचा देश. २ डिसेंबर १९७१ ला सहा जणी एकत्र आल्या, सातवी रास अल खैमा दोन महिन्यांनी आली. प्रत्येकीचा शासक वेगळा, पोलीस वेगळे, बरेचसे कायदेही वेगळे. देशाची राजधानी अबू धाबी. देशाची जवळजवळ ८७ टक्के जमीन तिची आणि तेलसाठ्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटाही तिचाच. दुबईलाही १९६६ मध्ये तेल लागलं, पण बेताचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं उत्पादन शिखरावर पोचलं आणि मग ओसरलं. आज दुबईच्या अर्थव्यवस्थेत तेलाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास आहे.

थोडक्यात, दुबई खेळत्या पैशावर चालते, अबू धाबी गंगाजळीवर. दुबईला रोज गिऱ्हाईक लागतं. अबू धाबीला एखादं वर्ष कुणी फिरकलं नाही तरी चूल पेटते.

मुळात दोघी एकाच घरातल्या. १८३३ मध्ये अबू धाबीच्या बनी यास टोळीतली एक शाखा भाऊबंदकीतून बाहेर पडली आणि सुमारे आठशे माणसं खाडीकाठच्या दुबईत येऊन राहिली. आजचं मक्तूम घराणं त्यांच्यातलंच. वाटणीत तेल आलं नाही (तेव्हा ते ठाऊकही नव्हतं), पण खाडी आली आणि खाडीबरोबर व्यापार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पलीकडच्या इराणी बंदरांत करांचा जाच वाढला, तेव्हा दुबईने आपल्याकडचे कर उतरवले आणि तिथले व्यापारी इकडे ओढले. मोती तेव्हा मुंबईच्या बाजारात यायचे. पुढे जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा बुडवला. खाडी गाळाने भरत आली, तेव्हा दुबईने कुवेतकडून कर्ज काढून ती उपसली. हे सगळं तेल लागायच्या आधीचं. कर्ज काढायचं, बांधायचं आणि मग गिऱ्हाईक येईल म्हणून वाट बघायची, ही दुबईची जुनी खोड आहे. १९७९ चं जबल अली बंदर, १९८५ चा तिथला मुक्त व्यापार विभाग, सगळं त्याच वळणाचं.

अबू धाबीत नेमकं उलट झालं. तेल १९५८ मध्ये सापडलं, १९६२ मध्ये पहिलं जहाज भरून गेलं, पण शासक शेख शखबूत यांचा हात सुटेना. पैसा येतोय आणि गावात धड रस्ता नाही. अखेर १९६६ मध्ये घराण्याने त्यांना बाजूला करून धाकटे भाऊ शेख झायेद यांना बसवलं. शखबूत यांना कंजूष म्हणून हसायची पद्धत आहे. मला मात्र त्यांच्या त्या सावधपणाचा अंश आजच्या अबू धाबीतही दिसतो. १९७६ मध्ये तेलाचे पैसे जगभर गुंतवायला तिने जी संस्था काढली, त्या एकट्या संस्थेची मालमत्ता आज लाख कोटी डॉलरच्या घरात असल्याचे अंदाज आहेत.

१९६६ पर्यंत या दोन्ही ठिकाणी रुपया चालायचा, तोही आपल्या रिझर्व्ह बँकेचा. १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या नोटा निघत, कारण दुबईहून मुंबईला चोरून येणाऱ्या सोन्यापायी परकीय चलन बाहेर चाललं होतं. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि तिथल्या लोकांच्या हातातल्या नोटा एका रात्रीत हलक्या झाल्या. दोघींनी रुपया सोडला, पण सोडतानाही एकमत नाही. अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला, दुबईने कतारबरोबर रियाल काढला. देश एक झाल्यावरही दोन वर्षं हा सवतासुभा चालला. दिरहम आला १९७३ मध्ये.

विमानांचंही तसंच. गल्फ एअरमध्ये अबू धाबीचा हिस्सा होता, दुबईचा नव्हता. ऐंशीच्या दशकात त्या कंपनीने दुबईच्या फेऱ्या कमी केल्या, तेव्हा दुबईने पाकिस्तानकडून दोन विमानं भाड्याने घेऊन ऑक्टोबर १९८५ मध्ये एमिरेट्स सुरू केली. पहिली ठिकाणं कोणती? कराची आणि मुंबई. अबू धाबीची एतिहाद त्यानंतर अठरा वर्षांनी आली.

आता नाव कमावण्याची तऱ्हा बघा. दुबईने स्वतःचं नाव विकायला काढलं. १९९९ मध्ये शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब हॉटेल उभं राहिलं. २००५ मध्ये त्याच्या माथ्यावरच्या हेलिपॅडवर हिरवळ अंथरून फेडरर आणि आगासी यांना टेनिस खेळायला लावलं. सामना नव्हताच तो, दोघांनी चार चेंडू मारले. पण तो फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांनी फुकट छापला. पाम जुमैरा या ताडाच्या आकाराच्या बेटाचंही तेच: जमिनीवरून ते ताडासारखं दिसतच नाही, साधा रस्ता आणि दोन्ही बाजूंना इमारती दिसतात. ते बेट वरून बघायला, म्हणजे फोटोतच बघायला बनवलंय.

अबू धाबीला एवढी खटपट करायची गरज पडली नाही. तिने जगात आधीच गाजलेली नावं भाड्याने आणली. २००७ मध्ये फ्रान्सशी करार करून पॅरिसच्या 'लूव्र' संग्रहालयाचं नाव तीस वर्षांसाठी घेतलं. नुसत्या नावाचे चाळीस कोटी युरो. संग्रहालय उघडलं २०१७ मध्ये. सादियात बेटावर गुगेनहाइम संग्रहालय बांधायला काढलं, यास बेटावर फेरारी वर्ल्ड आणि फॉर्म्युला वनचा ट्रॅक. पाहुणा लूव्र बघून भारावतो, पण घरी परतल्यावर 'दुबई ट्रिपमध्ये एक म्युझियम पाहिलं' असंच सांगतो. पैसे अबू धाबीचे आणि बारसं दुबईचं, हे दुखणं मामेभावासारखंच त्या शहराचंही असणार.

हिशोब चुकता करायची वेळ २००९ मध्ये आली. जगभर मंदी होती, दुबईतल्या घरांच्या किमती कोसळल्या होत्या, अर्धवट टॉवरांवरच्या क्रेन थांबल्या होत्या. २५ नोव्हेंबरला, ईदच्या तोंडावर, 'दुबई वर्ल्ड' या सरकारी समूहाने जाहीर केलं की कर्ज देणाऱ्यांनी वसुलीसाठी सहा महिने थांबावं. समूहाच्या डोक्यावर एकोणसाठ अब्ज डॉलरच्या आसपास देणी होती. पाम बांधणारी नखील कंपनी त्यातलीच, आणि तिचे रोखे १४ डिसेंबरला फेडायचे होते. त्याच दिवशी सकाळी अबू धाबीने दहा अब्ज डॉलर दिले.

तीन आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला, ८२८ मीटर उंचीच्या जगातल्या सर्वांत उंच इमारतीचं उद्घाटन होतं. त्या संध्याकाळपर्यंत सगळे तिला बुर्ज दुबई म्हणत होते. कार्यक्रमात तिचं नाव जाहीर झालं बुर्ज खलिफा. खलिफा म्हणजे अबू धाबीचे तेव्हाचे शासक आणि देशाचे अध्यक्ष. पैसे दिले म्हणून नाव दिलं, असं अधिकृतपणे कुणी म्हटलं नाही. आपल्याकडेही शाळेला मोठी देणगी दिली की सभागृहावर पाटी लागते, तेव्हा कोण काय बोलतं?

दहा वर्षांनी कोरोनात हा स्वभावभेद रस्त्यावर उतरला. दुबईने ७ जुलै २०२० ला पर्यटकांसाठी दारं उघडली. विमानं, हॉटेलं आणि मॉल बंद ठेवून तिला परवडणारच नव्हतं. अबू धाबीने मात्र जूनपासून स्वतःच्या सीमेवर नाके बसवले. एकाच देशातल्या दुसऱ्या शहरातून येताना चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवायचा, हे सप्टेंबर २०२१ पर्यंत चाललं. मामेभावाचा चुलता दुबईत देरा भागात राहतो, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. दोघांची त्या काळात एकदाही भेट झाली नाही.

एरवी ही सीमा जाणवतसुद्धा नाही. तोच ई-११ महामार्ग. दुबईत त्याचं नाव शेख झायेद रोड, म्हणजे अबू धाबीच्या शासकाचं, आणि सीमा ओलांडली की शेख मक्तूम रोड, म्हणजे दुबईच्या शासकाचं. जाणकार ड्रायव्हर सीमा ओळखतो ती वेगाच्या पाटीवरून. दुबईच्या बाजूला पाटी १२० ची, पण वर २० ची सूट, म्हणून कॅमेरा चमकतो १४० च्या पुढे. अबू धाबीने ही सूट २०१८ मध्ये काढून टाकली आणि पाटीच १४० ची लावली. दंड दोन्हीकडे एकाच वेगाला. टोलही दोन: तिकडे सालिक, इकडे दर्ब. बसचं कार्डही वेगळं. दुबईला मेट्रो आहे, अबू धाबीला नाही. आणि ज्यांना मंदिर बघायचंय त्यांनी नीट विचारून निघावं. जबल अलीचं हिंदू मंदिर दुबईचं, २०२२ मधलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उघडलेलं दगडी स्वामीनारायण मंदिर अबू धाबीचं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'मंदिर' सांगितलं तर मीटर कुठल्या कुठे जाईल.

राहिला प्रश्न टिकण्याचा. 'शाश्वत' हा शब्द जिथे प्यायचं पाणीसुद्धा समुद्रातून गाळून येतं त्या वाळवंटात जरा जपून वापरावा, 'टिकाव' बरा. दोघी आज हरित शहराची भाषा बोलतात, पण भीती वेगवेगळी आहे. अबू धाबीला भीती जगाने तेल घेणं थांबवण्याची, दुबईला माणसांनी येणं थांबवण्याची.

म्हणून अबू धाबी साठवते. कोरियन कंपनीकडून तिने बराका इथे चार अणुभट्ट्या बांधून घेतल्या. चौथी २०२४ मध्ये पूर्णपणे सुरू झाली आणि देशाची जवळजवळ पाव वीज आता तिथून येते. घरची वीज अणूतून आणि सूर्यातून काढली की वाचलेला गॅस इतर कामांना मोकळा होतो, हा त्यातला सरळ व्यवहार. सगळ्यात मला आवडते ती लिवा या वाळवंटी भागाची गोष्ट. समुद्राचं पाणी गोडं करून ते तिथल्या वाळूखाली जिरवून ठेवलंय: सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर, दहा लाख लोकांना तीन महिने पुरेल एवढं. आजी डब्यात तांदूळ लपवून ठेवायची, तसं. मसदर सिटी मात्र फसली नाही तरी रेंगाळली. २००६ मध्ये जाहीर झालं की इथे कार्बनशून्य नगर होईल, पन्नास हजार लोक राहतील, मोटारींऐवजी जमिनीखालून विनाचालक डबे धावतील. २०१६ पर्यंत पूर्ण व्हायचं होतं. डबे प्रवाशांसाठी दोनच स्थानकांमध्ये धावले आणि पुढचा विस्तार रद्द झाला.

दुबई साठवत नाही, दाखवते. सौर उद्यान २०१३ मध्ये १३ मेगावॉटने सुरू झालं आणि २०३० पर्यंत ५,००० मेगावॉटचं मूळ लक्ष्य होतं; काम खरंच मोठं चाललंय. पण त्याच काळात तिने हस्यान इथे कोळशाचं वीजकेंद्रही बांधलं आणि २०२२ मध्ये ते गॅसवर वळवलं. २०२३ ची जागतिक हवामान परिषद भरली दुबईत, एक्स्पोच्या जागेवर. अध्यक्ष होते अबू धाबीच्या तेल कंपनीचे प्रमुख. यजमानपण एकीचं, खुर्ची दुसरीची.

मग १६ एप्रिल २०२४ ला पाऊस आला. वर्षभराचा एका दिवसात, आणि वर थोडा. जगातल्या सर्वांत उंच इमारतीच्या शहरात पाणी वाहून न्यायला पुरेशी गटारं नव्हती. शेख झायेद रोडवर गाड्या तरंगल्या, विमानतळाची धावपट्टी तळ्यासारखी झाली. सुमारे दोन महिन्यांनी दुबईने तीस अब्ज दिरहमची पाणीनिचऱ्याची योजना जाहीर केली. गटार फोटोत दिसत नाही, म्हणून त्याची पाळी शेवटी आली, असं आपलं माझं मत. मुंबईकराने याबाबतीत फार बोलू नये हेही खरं.

मामेभावाला यातलं फारसं काही पडलेलं नाही. १५ जूनपासून तीन महिने दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं. तो नियम दोन्हीकडे सारखा, आणि नोकरी सुटली की निघावं लागतं तेही सारखंच. मागच्या गणपतीत तो आला तेव्हा बॅगेत नेहमीचं सामान होतं: अत्तर, बदाम, टँगचा डबा. त्याशिवाय पोरांसाठी पिस्ता आणि कुनाफा भरलेलं 'दुबई चॉकलेट'. त्यावरची किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती. अबू धाबी विमानतळाची.