गाडीवाट की पायवाट? सोलापूरच्या माळावर सायकल घालण्याआधी

मोबाइलच्या नकाशावर दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात, बारीक रेघा. बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघालं की अशा रेघा डांबरी रस्त्याला दोन्ही बाजूंनी फुटत जातात. रविवारी पहाटे शहरातून सायकल काढणारी मंडळी त्यातली जी जवळची दिसेल ती धरतात. मीही तीन वर्षं तेच केलं. पुढे एका शिवारात खुरपणीला बसलेल्या आजींनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, "आरं बाबा, ही वाट पायाची हाय. चाकाची वाट तिकडं वड्याच्या अंगानं जाती." तेव्हापासून मी या दोन वाटा वेगळ्या ओळखायला शिकलो.

आपल्या भाषेत हा फरक आधीपासूनच आहे. गाडीवाटेला चाकोरी पडते आणि पायवाट मळते. बैलगाडीची दोन चाकं वर्षानुवर्षं एकाच जागेवरून गेली की मातीत दोन समांतर चर पडतात. तीच चाकोरी. दोन चरांच्या मध्ये गवताची उंच पट्टी राहते. पायवाटेला अशी पट्टी नसते. तिथं पावलांनी दाबलेली, गुळगुळीत झालेली एकच रेघ असते, फार तर हातभर रुंद. वाटेच्या तोंडाशी सायकलवरून उतरून जमिनीकडे बघितलं, तर अर्ध्या मिनिटात कळतं की ही कुणाची आहे.

वाटेच्या वळणावरूनही ते कळतं. भरलेली गाडी बैलांना सरळ चढावर ओढवत नाही, म्हणून गाडीवाट टेकाडाला वळसा घालते आणि ओढा जिथं उथळ असेल, काठ उतरता असेल, तिथूनच पार होते. माणसाला एवढी गरज नसते. पायवाट टेकाडावर नाकासमोर चढते आणि ओढ्यात दगडांवरून उड्या मारत जाते. त्यामुळे नकाशावरची रेघ ओढ्याला काटकोनात, सरळ छेदून पलीकडे जात असेल, तर ती बहुधा पायवाट असते, आणि तिथं सायकल खांद्यावर घ्यावी लागणार हे आधीच समजावं.

महसूल खात्यानेही हा फरक कागदावर जपलेला आहे. गावाच्या जुन्या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते, पायमार्गाची सव्वाआठ फूट. हे आकडे मोजणीच्या साखळीतून आलेले दिसतात. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. म्हणजे पायवाटेच्या वाट्याला चार आणे आणि गाडीवाटेच्या वाट्याला किमान आठ आणे. प्रत्यक्षात दोन्हीकडचे बांध सरकत सरकत आले की आठ आण्यांची गाडीवाट चार आण्यांवर येते आणि फसगत होते, हेही खरं. तरीही सायकलवाल्यांच्या एखाद्या गटाला नेहमीचा मार्ग ठरवायचा असेल, तर मोबाइलच्या नकाशाआधी गावनकाशा बघावा असं मला मनापासून वाटतं.

इथं एक तिसरी वाटही आहे, आणि भांडणं तिच्यावरूनच होतात. ती बांधावरची वाट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो, आणि तहसीलदार त्यावर निर्णय देतात. हा हक्क शेत कसणाऱ्याचा आहे. शहरातून फिरायला आलेल्या आपल्यासारख्यांना तो लागू होत नाही. बांधावरून चालायचं असेल तर शेतात जो दिसेल त्याला विचारावं. सायकल मात्र बांधावर घालूच नये. चाकाने बांधाची कड ढासळते, आणि पुढच्या मोठ्या पावसात तिथूनच माती वाहून जाते.

चाक आणि पाऊल यांत मातीच्या दृष्टीने नेमका काय फरक पडतो, हे माळावर फार स्पष्ट दिसतं. पावलाचा ठसा तुटक असतो, त्यात पडलेलं पाणी तिथल्या तिथं जिरतं. चाकाचा माग सलग असतो. उतारावर तो पाण्याला पन्हळीसारखा मिळतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याची घळ होते. सोलापूरच्या माळावर मुरमावर मातीचा थर वीतभरसुद्धा नसतो. ती माती कुसळी आणि मारवेलसारख्या गवतांच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. गाडीवाटेवर हे नुकसान कधीच होऊन गेलेलं असतं, जमीन दगडासारखी बसलेली असते, त्यामुळे आपली सायकल तिथं नवं काही बिघडवत नाही. पायवाटेवर मात्र ते आपण सुरू करतो.

शिवाय या गवतात जमिनीवरच घरटी असतात. चंडोल, पखुर्डी, धाविक, टिटवी यांपैकी कुणीही झाडावर घर करत नाही. टिटवीची अंडी साधारण चार, खड्यांच्या रंगाची, उघड्यावरच ठेवलेली. चालणाऱ्याच्या डोक्यावर ती ओरडत घिरट्या घालते, माणूस थांबतो, खाली बघतो, पाऊल मागे घेतो. सायकलवर वेग असतो आणि नजर दहा हात पुढे असते. टिटवीचा ओरडा कानावर येईपर्यंत चाक पुढे गेलेलं असतं. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत माळावरच्या पायवाटांवर चाक नको, असं मी म्हणतो ते या पक्ष्यांसाठी.

नान्नजला हे आणखी महत्त्वाचं. माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. त्याचे गवताळ तुकडे शेतांच्या मध्ये मध्ये विखुरलेले आहेत. ज्वारीच्या रानातून निघालेली साधी पायवाट कधी अभयारण्यात शिरते ते कळत नाही. आत वनविभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, मग पायी असो की सायकलवर. त्यातल्या बऱ्याच रेघा तर माणसांच्या नसतातच. मेंढरांच्या वाटा उताराला आडव्या, एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या जातात आणि कुठंच पोचत नाहीत. काळविटांचे माग लेंड्यांच्या ढिगांपाशी जाऊन संपतात. नर आपल्या हद्दीत तेच ते ढीग वापरतो. असा ढीग दिसला की मागे फिरावं.

गाडीवाट म्हणजे सगळं सोपं, असंही नाही. बैलगाडीची चाकोरी अरुंद आणि खोल असते. पुढचं चाक तिच्यात अडकलं की हँडल वळवता येत नाही, म्हणून चाकोरी खोल असेल तर मधल्या पट्टीवरून चालवावं. पण त्या पट्टीतच सराटे पसरलेले असतात. त्यांच्या काट्यांपुढे साधी ट्यूब टिकत नाही, तेव्हा पंक्चरचं सामान आणि जादा ट्यूब बरोबर हवीच. ट्रॅक्टरची चाकोरी रुंद असते आणि तिच्यावरून सायकल बरी चालते. फक्त सीनेच्या बाजूला, लांबोटीकडे, गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या वाटेचा चिखल करून ठेवतात.

आणि काळी माती. सप्टेंबरच्या पावसानंतर काळ्या रानातली गाडीवाट सायकलला पूर्ण बंद समजावी. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चिकटते आणि मडगार्डखाली दाबून बसते, शेवटी चाक फिरतच नाही. एकदा मी असाच दीड किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चाललो आहे. अशा दिवसांत मुरमाड माळावरची गाडीवाट धरावी, तिथं पाऊस थांबल्यावर दोन तासांत वाट कोरडी होते. मालदांडी ज्वारी उभी असते तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत, काळ्या रानातल्या वाटाही टणक झालेल्या असतात. सोलापूरभोवती सायकलीसाठी याहून चांगले दोन महिने नाहीत.

ज्यांना फक्त चालायचंय त्यांनी विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारापासून सुरुवात करावी. तिथं वाटा आखलेल्या आहेत, चुकायची भीती नाही.

दोन्ही वाटा जोडून करायचा माझा बेत असा असतो: पहाटे डांबरी रस्त्याने गावापर्यंत, तिथून चाकोरी असेल तोवर सायकल, आणि चाकोरी संपली की तिथंच बाभळीला साखळीने बांधून पुढे पायी. कधी चाकोरी एकदम संपत नाही, विरळ होत जाते. आधी मधली पट्टी रुंदावते, मग दोन्ही चरांत गवत उगवलेलं दिसतं. त्या वाटेने कित्येक वर्षांत गाडी गेलेली नसते, आणि ती परत माळाची झालेली असते. तिथं मी उतरतो.