पर्यटक व्हिसा आणि परदेशप्रवेशाचे नियम

फिरायला येणाऱ्या परक्या माणसाला एखाद्या देशाने आधीच दिलेली सशर्त संमती म्हणजे पर्यटक व्हिसा. मराठीत पासपोर्टला पारपत्र म्हणून बघितलं, व्हिसाला प्रवेशपरवाना वगैरे म्हणून बघितलं, पण तोंडात बसला तो व्हिसाच. आणि खरं तर परवाना हा शब्द जरा फसवाच आहे, कारण व्हिसा हातात असला म्हणजे आत जायचा हक्क मिळाला असं नसतं. पासपोर्ट स्वतःचा देश देतो, व्हिसा समोरच्या देशाची वकिलात देते, आणि प्रत्यक्ष आत सोडायचं की नाही ते सीमेवरचा अधिकारी ठरवतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रवाशांचे निम्मे घोळ त्या एकच समजण्यातून होतात.

शब्द आणि उगम

शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधलं 'बघणे' हे क्रियापद आहे, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढे वाद आहे. एक मत असं की 'कार्ता व्हिसा' म्हणजे 'बघितलेला कागद' या जोडशब्दातलं दुसरं पद तेवढं उरलं, दुसरं मत असं की हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे आणि अर्थ 'बघितलेल्या गोष्टी' एवढाच. पहिलं मत जास्त ठिकाणी दिलेलं असतं आणि व्यवहाराशी जुळतंही तेच, कारण पासपोर्टवर 'हा बघितला' असा शेरा मारून सही करायची हीच मूळ पद्धत होती. इंग्रजांकडे एकोणिसाव्या शतकात बराच काळ 'व्हिझे' असं रूप चालायचं, व्हिसा हे रूप नंतर पक्कं झालं. पासपोर्टमधल्या 'पोर्ट'चंही असंच, कोणी बंदर म्हणतं कोणी वेस किंवा दरवाजा, त्यात दरवाजावाल्यांची बाजू थोडी जड वाटते कारण जुने परवाने जमिनीवरच्या प्रवासालाही तितकेच लागायचे.

प्रथा मात्र शब्दापेक्षा फार जुनी. बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकात तो इराणच्या राजाकडून नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावे पत्रं मागतो, वाटेत अडवू नये म्हणून, प्रसंग साधारण इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याचा धरतात. यालाच पहिला पासपोर्ट म्हणायची पद्धत पडलीय पण ते राजाचं शिफारसपत्र होतं, सगळ्यांना लागू असलेला नियम नव्हता. नियम म्हणून बघायचं तर कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातला मुद्राध्यक्षाचा अध्याय जास्त महत्त्वाचा. तिथे मुद्राध्यक्षाने, म्हणजे शिक्क्याचे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याने, एक माषक हे नाणं फी म्हणून घेऊन मुद्रा द्यावी, मुद्रा असलेल्याला जनपदात शिरता वा बाहेर पडता यावं, मुद्रा नसलेल्या स्थानिकाला १२ पण (हेही तेव्हाचं नाणं) दंड, खोट्या मुद्रेला त्याहून मोठा आणि खोटी मुद्रा परदेशी माणसाकडे सापडली तर सगळ्यात वरचा, अशी सरळ फीसकट दंडसंहिता आहे. आणि तपासणी कोणी करायची? विवीताध्यक्षाने, म्हणजे गायरानं, मोकळी माळरानं ज्याच्या ताब्यात त्या अधिकाऱ्याने, 'मुद्रां पश्येत्', मुद्रा बघावी. बघावी हेच क्रियापद. लॅटिनशी याचा काही संबंध जोडायचं कारण नाही, पण काम एकच असलं की शब्दही कसे एकाच वाटेने जातात ते दिसतं.

हा पुरावा कोणत्या काळाचा धरायचा हे अर्थातच ग्रंथाच्या काळावर अवलंबून. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांपैकी र. पं. कंगले यांनी मौर्यकाळ सोडायला पुरेसं कारण नाही अशी भूमिका घेतली, ट्राउटमनने १९७१ मध्ये शब्दांच्या संख्याशास्त्रावरून एकाहून जास्त लेखक असल्याचं मांडलं, आणि अलीकडे ऑलिव्हेल यांनी मूळ गाभा इसवी सनाच्या आगेमागे आणला. आज कल या उशिराच्या तारखेकडे आहे. तशी धरली तरी प्रवेश-परवाना फी घेऊन देणारं खातं, निदान कागदावर, दोन हजार वर्षांच्या आसपासचं ठरतं आणि ते काही लहान नाही. चीनमध्ये हान काळापासून नाक्यांवर दाखवायचे परवाने होते, ह्युएनत्संग सातव्या शतकात निघाला तो परवानगीशिवायच निघाला असं त्याच्या चरित्रपरंपरेत आहे (वर्ष ६२७ की ६२९ यावर एकमत नाही). इंग्लंडमध्ये पाचव्या हेन्रीच्या वेळी १४१४ चा सेफ कंडक्ट, म्हणजे सुरक्षित प्रवासाच्या हमीपत्रांचा, कायदा.

महायुद्धाने काय बदललं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, प्रवासी एवढे वाढले की कागद बघत बसणं अशक्य झालं आणि युरोपातल्या बऱ्याच देशांनी ते सोडूनच दिलं. रशिया आणि तुर्की साम्राज्य हे ठळक अपवाद, तिथे पासपोर्टही लागायचा आणि त्यावर व्हिसाही. १९१४ ला युद्ध पेटलं, हेर आणि पळपुटे रोखायला सगळ्यांनी तात्पुरते म्हणून नियम आणले आणि ते तात्पुरते नियम अजून चालू आहेत. अमेरिकेने १९१७ मध्ये व्हिसा आदेशाने आणला, १९१८ ला युद्धकाळापुरता कायदा केला आणि १९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने तो कायमचा करून टाकला. राष्ट्रसंघाने १९२० ला पॅरिसला परिषद घेतली तेव्हा जुना मोकळा काळ परत आणायचाच उद्देश बोलून दाखवला होता, हातात पडली ती ३२ पानी पुस्तिकेची नमुनाप्रत. आज खिशात असतो तो पासपोर्ट तिचाच वंशज.

पुढचं यंत्रयुग थोडक्यात: १९६३ च्या व्हिएन्ना कराराने व्हिसा देणं हे वकिलातीचं अधिकृत काम म्हणून नोंदवलं, आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचा ९३०३ क्रमांकाचा दस्तऐवज १९८० ला आला आणि त्यातून पासपोर्टच्या फोटोपानाखाली बाणांसारख्या खुणा असलेल्या त्या दोन ओळी आल्या, मलेशियाने १९९८ ला चिपवाला पासपोर्ट काढला, आणि २४ नोव्हेंबर २०१५ नंतर मशीनला न वाचता येणारे पासपोर्ट आंतरराष्ट्रीय प्रवासातून बाद.

प्रकार, आणि ईटीए हा व्हिसा आहे का

पर्यटकापुढे साधारण चार वाटा असतात: अजिबात व्हिसा न लागणं, उतरल्यावर मिळणारा ऑन अरायव्हल, ऑनलाइन अर्जाचा ई-व्हिसा, आणि पासपोर्टवर चिकटवायचा जुना स्टिकर ज्यासाठी अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे, बँक स्टेटमेंट हे सगळं आलं. यांच्या मधोमध ईटीए नावाचा प्राणी बसलाय, म्हणजे व्हिसामाफी असलेल्यांनी निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची मंजुरी. सुरुवात ऑस्ट्रेलियाने १९९६ ला केली, अमेरिकेची एस्टा जानेवारी २००९ पासून सक्तीची झाली, कॅनडाची २०१६ ला, ब्रिटनची २०२३ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने.

हा व्हिसा म्हणायचा की नाही? अमेरिका ठामपणे नाही म्हणते, तिच्या कायद्यात एस्टा ही फक्त व्हिसामाफी वापरायला पात्र आहात एवढी तपासणी. पण ऑस्ट्रेलियात उलट, तिथे जवळपास प्रत्येक परदेशी माणसाला व्हिसा हवाच असा कायदा आहे त्यामुळे तिथली ईटीए हा रीतसर व्हिसाच आहे, उपवर्ग ६०१. केनियाने जानेवारी २०२४ ला व्हिसा रद्द केल्याचं जाहीर केलं आणि त्याच वेळी बहुतेक सगळ्यांना फी भरून ईटीए सक्तीची केली, त्यावर हे नाव बदलून तेच आहे अशी टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. कायद्याच्या पुस्तकातला फरक खरा असला तरी अर्ज, फी आणि नकाराची शक्यता या तिन्ही गोष्टी असतील तर प्रवाशाने त्याला व्हिसाच समजून तयारी करावी हे बरं.

व्हिसामाफी बहुतेकदा परस्पर असते, तुम्ही आमच्यांना सोडा आम्ही तुमच्यांना सोडू. ब्राझीलने २०१९ ला अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांचा व्हिसा एकतर्फी काढला, समोरून तशी सवलत आली नाही, मग १० एप्रिल २०२५ पासून तो परत लावला.

मुदत आणि मुक्काम

व्हिसावरची तारीख आणि राहायचे दिवस हे दोन वेगळे आकडे. अमेरिकेचा बी-२ हा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असू शकतो, म्हणजे दहा वर्षं कधीही दारात उभं राहता येतं, मुक्काम किती ते दारातला अधिकारी त्या त्या वेळी ठरवतो आणि साधारण सहा महिने देतो. शेंगेनच्या, म्हणजे आपसातली सीमातपासणी उठवलेल्या युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसाच्या, स्टिकरवर वापरायचा काळ वेगळा आणि मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात, लोक पहिला आकडा वाचून तिकीट काढतात आणि अडकतात.

शेंगेनचा ९०/१८० हा नियम तर खास. जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी करार झाला, २६ मार्च १९९५ पासून सीमातपासणी प्रत्यक्षात उठली, जानेवारी २०२५ ला बल्गेरिया आणि रोमानिया पूर्णपणे आत आल्यावर देश झाले २९. आयर्लंड आणि सायप्रस युरोपियन युनियनमध्ये असूनही यात नाहीत. नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त राहायचं नाही, आणि हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात तर मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून मोजायचे असतात. आल्याचा आणि गेल्याचा दोन्ही दिवस धरतात. लीप नसलेल्या वर्षात कोणी १ जानेवारीला आला आणि सलग ९० दिवस राहून ३१ मार्चला गेला, तर त्याला परत पाऊल ठेवता येतं ३० जूनला, कारण त्या दिवशी मागचे १८० दिवस मोजले की सुरुवात २ जानेवारीपासून होते आणि एक दिवस मोकळा होतो. त्यानंतर रोज एक जुना दिवस गळत जातो. एक दिवस शेजारच्या बिगरशेंगेन देशात जाऊन आलं की घड्याळ शून्यावर येतं, ही समजूत चुकीची, आणि पूर्वी शिक्के मोजून हिशोब व्हायचा तेव्हा कदाचित खपून जायचं पण ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांची जागा घेणारी ईईएस ही ठसे-फोटोवाली नोंदणी सुरू झाल्यावर ते अवघड झालंय.

सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत शिरता येणाऱ्या व्हिसाचा, एक गमतीशीर सापळा नॉर्वेच्याच ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांचा. तिथे जायला कोणालाच व्हिसा लागत नाही, पण तिकडे जायची नेहमीची वाट नॉर्वेतून आहे, नॉर्वे शेंगेनमध्ये आणि स्वालबार्ड बाहेर, म्हणजे बेटावर गेलं की शेंगेन सोडलं असं धरतात आणि परत यायला दुसरी एंट्री लागते. डबल एंट्री नसेल तर परतीची वाट बंद.

अर्ज आणि नकार

शेंगेनचा अर्ज जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे, सगळीकडे सारखाच असेल तर जिथे पहिलं उतरणार त्याच्याकडे. सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावा लागतो, किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि गेल्या १० वर्षांत काढलेला असावा. इतर बऱ्याच देशांत सहा महिन्यांची अट असते.

अमेरिकेचा पाया वेगळा आहे. १९५२ च्या कायद्याच्या २१४(ब) कलमानुसार पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक जण स्थायिक व्हायलाच आलाय असं आधी गृहीत धरतात आणि तसं नाही हे त्याने पटवायचं, म्हणून मुलाखतीत नोकरी, घर, कुटुंब हेच प्रश्न. या नकारावर अपील नाही, पुन्हा फी भरून पुन्हा अर्ज करायला हरकत नाही. शेंगेनमध्ये मात्र नकाराचं कारण ठरलेल्या फॉर्मवर लिहून द्यावं लागतं आणि अपीलही करता येतं.

दारात, आणि दाराच्या आधी

प्रवाशाला खरा पहिला इमिग्रेशन अधिकारी भेटतो तो विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवर. कागद अपुरे असलेल्याला नेलं तर विमान कंपनीला दंड आणि परत आणायचा भार, युरोपियन युनियनच्या २००१ च्या निर्देशात हा दंड माणशी हजारो युरोत आहे, त्यामुळे कंपन्या टिमॅटिक नावाच्या डेटाबेसमध्ये नियम बघितल्याशिवाय बोर्डिंग पास देत नाहीत. परतीचं तिकीट दाखवा हा आग्रह बऱ्याचदा तिथेच होतो.

ट्रान्झिटचं विसरलं जातं. अमेरिकेत विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही, नुसतं विमान बदलायचं तरी व्हिसा किंवा एस्टा हवी. दोन वेगवेगळी तिकिटं असतील तर बॅग घेऊन परत चेक-इन करायला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर येणं म्हणजे त्या देशात प्रवेश.

पिवळ्या तापाची लस आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत जायला लागते, किंवा तिथून येणाऱ्यांना. दाखला लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून धरतात, ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभराचा झाला, जुना १० वर्षांचा दाखलाही आपोआप तसाच. जुने शिक्केही आडवे येतात. काही देश इस्रायलला जाऊन आलेल्याला घेत नाहीत, म्हणून इस्रायल २०१३ च्या सुमारापासून पासपोर्टवर शिक्का न मारता सुटी चिठ्ठी देतो. अमेरिकेची व्हिसामाफी मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया अशा देशांत गेलेल्यांना साधारणपणे मिळत नाही, त्यांनी रीतसर व्हिसा काढायचा.

सामायिक व्हिसे

मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चौघांत मिळून साधारणपणे ९० दिवस राहता येतं. पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा, रवांडा यांचा एकच पर्यटक व्हिसा २०१४ पासून, ज्या देशाने दिला तिथूनच पहिला प्रवेश करायचा. झांबिया आणि झिंबाब्वे यांचा काझा युनिव्हिसाही त्याच वर्षीचा, ३० दिवसांचा, व्हिक्टोरिया धबधबा नेमका दोघांच्या सीमेवर असल्याने दोन्ही बाजूंनी बघणाऱ्याला तो सोयीचा पडतो. त्यावर काझुंगुला या सीमानाक्यावरून बोत्स्वानातही जाता येतं, पण फक्त दिवसापुरतं, रात्र तिथे काढली तर तो व्हिसा संपला.